न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : गौरव आणि एक खंत

ज्ञातीतील पूर्वसूरींची चरित्रे वार्षिक अंकात छापण्याची आपली प्रथा जुनी आहे. या वर्षी न्यायमूर्ती तेलंग यांचे चरित्र लिहिण्याचे काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्हांस प्रथम आनंद झाला आणि मागाहून थोडा संकोच वाटला. आनंद कशाचा, हे सभासद कुटुंबांस सांगण्याची आवश्यकता नाही. एकोणिसाव्या शतकातील मुंबईने जे विद्वान, कायदेपंडित आणि राजकीय पुढारी पाहिले, त्यांत तेलंगांचे स्थान पहिल्या रांगेत आहे, आणि ते आपले आहेत याचा अभिमान आपण तीन-चार पिढ्या बाळगीत आलो आहोत. संकोचाचे कारण निराळे. त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षात असा एक प्रसंग घडला की, ज्यांचा त्यांच्यावर सर्वांत अधिक विश्वास होता त्यांचाच त्यामुळे अपेक्षाभंग झाला. अशा अंकांतून लिहिणारे लेखक हा प्रसंग बहुधा गाळतात, अथवा दोन ओळींत उरकतात. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या टिपणात आम्हीही तेच केले होते. या खेपेस तसे करावयाचे नाही असे ठरवूनच लेखणी हाती घेतली आहे.

काशिनाथपंतांचा जन्म १८५० च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईत झाला. वडिलांचे नाव बापू. तथापि चुलते त्र्यंबक यांना अपत्य नसल्यामुळे काशिनाथ त्यांना दत्तक गेले व म्हणून काशिनाथ त्र्यंबक हे नाव रूढ झाले. पाचव्या वर्षी अमरचंदवाडीतील मराठी शाळेत त्यांचे नाव घातले. १८५९ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. तेथे त्यांना नारायण महादेव परमानंद हे शिक्षक लाभले. परमानंद म्हणजे केवळ धडे देणारे मास्तर नव्हेत. विद्यार्थ्याच्या मनाला वळण लावणारा, स्वतः प्रसिद्धीपासून दूर राहणारा असा तो पुरुष होता. गुरुशिष्यांचे नाते पुढे निकट स्नेहात परिणत झाले. आमच्या मते तेलंगांच्या स्वभावातील संयम, मोजके बोलणे आणि दुसऱ्याची बाजू शेवटपर्यंत ऐकून घेण्याची वृत्ती यांचे मूळ या सहवासात शोधावे लागेल.

एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतची भगवानदास शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, त्याच कॉलेजात ते फेलो झाले, आणि एम.ए. व एल्एल.बी. या दोन्ही पदव्या घेतल्या. त्या काळी हायकोर्टाच्या मूळ शाखेत वकिली करणे हा जवळजवळ विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचाच मक्ता होता. ती वाट हिंदी मनुष्यास प्रथम मोकळी करून दिली ती बाळ मंगेश वागळे यांनी. तेलंग त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांची सनद नोंदली गेली. इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व आणि धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ हाताशी, असा योग गोऱ्या वकिलांपाशी नव्हता. मिताक्षरा आणि मयूख यांतील वचने ते भाषांतरावरून नव्हे, तर मुळावरून न्यायाधीशांपुढे मांडीत. अल्पावधीतच वकिली भरभराटीस आली व चालून आलेली सरकारी नोकरी त्यांनी नाकारली.

त्यांच्या विद्याव्यासंगाविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल, येथे ओझरता उल्लेख करूनच पुढे जातो. रामायण हे होमरच्या काव्यावरून रचले गेले असावे असे अनुमान वेबर या जर्मन पंडिताने मांडले होते. १८७३ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, तेलंगांनी त्याचे सप्रमाण खंडन केले. भर्तृहरीची नीतिशतक व वैराग्यशतक ही दोन शतके आणि विशाखदत्ताचे मुद्राराक्षस यांच्या चिकित्सक आवृत्त्या त्यांनी सिद्ध केल्या. भगवद्गीतेचे इंग्रजी पद्यमय भाषांतर १८७५ साली, आणि गद्य भाषांतर १८८२ साली माक्स म्यूलर यांच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेच्या आठव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्या मालेत भाषांतरकार म्हणून एका तरुण मुंबईकर वकिलाचे नाव झळकावे ही गोष्ट लहान नव्हे. मराठीतही त्यांनी लिहिले. लेसिंगच्या प्रसिद्ध जर्मन नाटकाचे त्यांनी मराठी केले, आणि सामाजिक बाबतींतील तडजोड या विषयावर निबंध लिहिला. हा तडजोडीचा विषय वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याकडेच वळावयाचे आहे.

सार्वजनिक कार्यात तेलंग, फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी या तिघांची नावे मुंबईत एका दमात घेतली जात. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान, तिघेही कायदेपंडित. १८८३ साली इल्बर्ट बिलाच्या वेळी टाऊन हॉलमध्ये जी प्रचंड सभा भरली तीत या तिघांची भाषणे झाली. तेलंगांचे वक्तृत्व मेहतांसारखे घणाघाती नव्हते. ते प्रतिपक्षाचा मुद्दा त्याच्यापेक्षा अधिक नेटकेपणाने मांडून दाखवीत व मग शांतपणे त्यातील दोष काढीत. १८७७ सालीच त्यांनी खुला व्यापार आणि संरक्षक जकात या विषयावर हिंदुस्थानच्या दृष्टीने व्याख्यान देऊन देशी उद्योगांची बाजू घेतली होती. १८८२ साली नेमलेल्या शिक्षण आयोगाचे ते सभासद होते व त्या कामगिरीबद्दल त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला. १८८४ साली मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. व्हाइसरॉयच्या मंडळावरील जागा मात्र त्यांनी नाकारली. १८८५ च्या आरंभी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर रोजी, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. बहात्तर प्रतिनिधी जमले होते. कायदेमंडळांचा विस्तार करून त्यांत लोकनियुक्त सभासद घ्यावेत हा त्या अधिवेशनातील महत्त्वाचा ठराव तेलंगांनी मांडला.

येथवरचा भाग प्रत्येक स्मरणलेखात येतो. आता खऱ्या विषयास हात घालावा.

१८८४ च्या ऑगस्टात बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर आपली दोन टिपणे प्रसिद्ध केली आणि साऱ्या देशात खळबळ उडाली. सरकारने कायदा करावा की न करावा, शास्त्र काय म्हणते, परक्या सरकारास आमच्या घरात डोकावण्याचा अधिकार आहे काय, अशा प्रश्नांचा गदारोळ माजला. त्यातूनच आणखी एक प्रश्न पुढे आला. ज्यांच्या घरात आठ वर्षांच्या मुलींची लग्ने होतात आणि बारा वर्षांच्या विधवांचे केशवपन होते, त्यांनी राज्यकारभारात वाटा कोणत्या तोंडाने मागावा? हा प्रश्न इंग्रज टीकाकार विचारीत ते हिणविण्यासाठी, पण आपल्यातील प्रामाणिक सुधारकही तो विचारीत, आणि त्यांना उत्तर देणे अधिक कठीण होते.

ते उत्तर देण्याचे काम तेलंगांनी पत्करले. १८८६ च्या फेब्रुवारीत, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या विद्यमाने, सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी झालीच पाहिजे काय या विषयावर त्यांनी व्याख्यान दिले. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा. इतिहास पाहिला तर राजकीय उन्नतीपूर्वी सामाजिक दोष नाहीसे झालेच पाहिजेत असा नियम दिसत नाही. इंग्लंडात राजाच्या सत्तेला मर्यादा पडल्या तेव्हा तेथील समाज निर्दोष नव्हता, आणि मराठ्यांनी राज्य उभारले तेव्हा आपल्यातही जातिभेद व बालविवाह होतेच. दुसरे असे की, राजकीय क्षेत्रात आपल्यापुढे जे राज्यकर्ते आहेत ते निदान युक्तिवाद ऐकून घेतात. सामाजिक क्षेत्रात मात्र झगडावयाचे ते शतकानुशतकांच्या श्रद्धेशी, आणि तेही परक्यांशी नव्हे तर स्वतःच्या आप्तेष्टांशी. म्हणून जेथे विरोध कमी तेथे आधी पाऊल टाकावे. शक्तीचा अपव्यय करू नये. राजकीय हक्कांच्या अभ्यासातून जी स्वतंत्र बुद्धी जागी होईल ती पुढे घरातही प्रवेश करील.

आम्ही हे व्याख्यान अनेकदा वाचले आहे, आणि प्रत्येक वेळी त्यातील तर्कशुद्धतेने थक्क झालो आहो. त्यात कोठेही सामाजिक सुधारणेची हेटाळणी नाही. उलट विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, परदेशगमन या बाबतींत हळूहळू का होईना पाऊल पुढे पडत आहे, याविषयी समाधानच आहे. तेलंग सुधारणेचे वैरी नव्हते, ते तिचे सावध मित्र होते. राष्ट्रीय सभेनेही जवळजवळ हेच धोरण स्वीकारले. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात दादाभाई नौरोजी यांनी सभेचे कार्य राजकीय प्रश्नांपुरतेच राहील असे स्पष्ट केले, आणि सामाजिक प्रश्नांसाठी १८८७ पासून मद्रासेस वेगळी सामाजिक परिषद भरू लागली. परंतु हे व्याख्यान मिटविताना दर वेळी आमच्या मनात एकच शंका उभी राहते. जेथे विरोध कमी तेथे आधी जावे हे तत्त्व नदीच्या पाण्यास ठीक आहे. ज्या मुलीचे लग्न येत्या वैशाखात ठरले आहे तिला हे तत्त्व काय देते? राजकीय हक्क वीस वर्षांनी मिळाले तरी चालतात. तिचे बालपण वीस वर्षे थांबत नाही.

आणि तेलंगांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्यांनी ते प्रत्यक्ष पाहिले होते, तेही न्यायालयात. दादाजी भिकाजी नावाच्या गृहस्थाने १८८४ साली आपली पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते, त्या नवऱ्याकडे कधी राहिल्या नव्हत्या, आणि ज्या विवाहास आपण समजून संमती दिली नाही तो आपल्यावर लादला जाऊ नये अशी त्यांची भूमिका होती. हिंदू स्त्रीने भर न्यायालयात असे म्हणणे ही त्या काळी कल्पनेपलीकडची गोष्ट होती. या खटल्यात रखमाबाईंच्या बाजूने जे वकील उभे राहिले त्यांत काशिनाथपंत होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पुढल्या वर्षी अपिलात तो फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम दिला, आणि रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. बालविवाहाचे दुःख म्हणजे काय, हे तेलंगांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांचे अशील त्यांच्यासमोर उभे होते.

१८८९ साली तेलंग हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. वय अवघे एकोणचाळीस. हिंदू कायद्यावरील त्यांचे निर्णय आजही अभ्यासले जातात. त्यांपैकी एकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८९१ साली आपाजी विरुद्ध रामचंद्र या खटल्यात पूर्णपीठापुढे असा प्रश्न आला की, बाप आपल्या भावांशी एकत्र असताना, बापाची संमती नसतानाही मुलास वाटणी मागता येते काय. बाकीच्या न्यायमूर्तींनी नाही म्हटले. तेलंगांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले आणि मूळ संस्कृत ग्रंथांच्या आधारे मुलाचा हक्क मान्य केला. कायद्याच्या अभ्यासकांनी पुढे त्यांच्या या मताची मोठी वाखाणणी केली आहे. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांच्या इच्छेला मर्यादा आहे, आणि कनिष्ठाचाही स्वतंत्र हक्क आहे, हे सहकाऱ्यांचा विरोध पत्करून लिहिणारा हा न्यायाधीश होता. हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

त्याच सुमारास संमतिवयाच्या विधेयकाचे वादळ उठले. कलकत्त्यास फुलमणी नावाची कोवळी बालिका पतीच्या अत्याचाराने मृत्यू पावली, तेव्हा संमतिवय दहावरून बारावर न्यावे अशी मागणी झाली. पुण्यात टिळकांनी केसरीतून विधेयकास कडवा विरोध केला. रामकृष्णपंत भांडारकरांनी शास्त्राधारे त्याचा पुरस्कार केला. तेलंग येथे सावधपणाचा पडदा बाजूस सारून विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. राणीच्या जाहीरनाम्याने असा कायदा करण्यास आडकाठी येत नाही असे त्यांनी मत दिले. १८९१ च्या मार्चमध्ये कायदा मंजूर झाला. सुधारकांना वाटले की, आपला सर्वांत विद्वान, सर्वांत समतोल, सर्वांत वजनदार मनुष्य अखेर पूर्णपणे आपल्याकडे आला. १८९२ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे पद भूषविणारे ते पहिलेच हिंदी. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे पहिले हिंदी अध्यक्षही तेच, आणि तेही त्याच वर्षी. आशेचे शिखर ते हेच.

आणि १८९३ च्या आरंभी बातमी आली की, न्यायमूर्ती तेलंगांनी आपल्या मुलीचे लग्न लावले. मुलगी अद्याप बालवयातच होती.

घरातील वडीलधाऱ्यांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली, असे या घटनेचे स्पष्टीकरण दिले जाते, आणि ते खरे मानण्यास आम्हांस अडचण वाटत नाही. त्या काळच्या आपल्या घरांची ज्यांना माहिती आहे त्यांस यात नवल वाटणार नाही. बाहेर हायकोर्टाचा न्यायाधीश, पण सोवळ्यातल्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर त्याचा हुकूम थांबे. मुलगी दहा वर्षांची झाली की आजीला झोप येत नसे, गुरुमठाची आज्ञा आणि ग्रामण्याची धास्ती सदैव डोक्यावर असे, पुढे धाकट्या भावंडांची लग्ने जमणार नाहीत ही चिंता निराळीच. आमच्या स्वतःच्या आजीचे लग्न नवव्या वर्षी झाले. सासरी येताना आपण बरोबर सागरगोटे बांधून आणले होते, असे ती उतारवयात हसत सांगे. ते ऐकून आम्ही मुले हसत असू. ती मात्र शेवटी पदराने डोळे पुसून उठून जाई, त्याचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला.

अपेक्षाभंग झाला तो कोणाचा, हे पाहिले पाहिजे. सनातन्यांचा तर नव्हेच. त्यांना हाती आयतेच कोलीत मिळाले. सुधारकांच्या पुढाऱ्याने आपल्या घरी काय केले ते पाहा, असे म्हणण्याची सोय झाली. दुखावले गेले ते तरुण पदवीधर, ज्यांनी तेलंगांच्या भरवशावर आपल्या घरच्या मोठ्यांशी वाद घातला होता. एखादा मुलगा आईला म्हणाला असेल की, बहिणीचे लग्न दोन वर्षे थांबवू या, तेलंगांसारखे विद्वान हेच सांगतात. त्या आईने १८९३ च्या फाल्गुनात त्याला काय उत्तर दिले असेल, त्याची कल्पना करावी. मोठ्या मनुष्याचे मागे घेतलेले पाऊल त्याच्या एकट्याचे राहत नाही, त्याच्यामागून चालणाऱ्या शंभर जणांचे पाऊल त्यासरशी अडखळते.

बचावादाखल जे सांगितले जाते तेही न्यायबुद्धीने मांडले पाहिजे, काशिनाथपंतांनी स्वतः प्रतिपक्षाचे मांडले असते तसे. त्यांनी कोणताही कायदा मोडला नाही. संमतिवयाचा कायदा लग्नाच्या वयाविषयी नव्हता. लग्नाच्या वयास मर्यादा घालणारा शारदा कायदा यावयास १९२९ साल उजाडावे लागले. त्यांनी आपली मते बदलली असेही नाही. घरातील शांततेसाठी आपले मत बाजूस ठेवणे हा त्यांच्या तडजोडीच्या तत्त्वाचाच भाग होता, आणि ते तत्त्व त्यांनी पूर्वीच उघडपणे मांडले होते. त्या अर्थाने त्यांच्यावर ढोंगीपणाचा आरोप करता येत नाही. तो आरोप आम्ही करीत नाही, व कोणी केल्यास ऐकूनही घेणार नाही.

शिवाय ते एकटेच नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७३ साली, पहिली पत्नी वारल्यावर, विधवेशी विवाह करावा अशी सर्व मित्रांची अपेक्षा असता, वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले होते. तीच पुढे रमाबाई रानडे म्हणून साऱ्या महाराष्ट्रास वंदनीय झाली, हे सुदैव. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या प्रकरणी रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्तही घेतले. त्या पिढीचे हे सर्व थोर पुरुष एका पायावर भार देऊन दुसरा पाय उचलावा की नाही, अशा अवस्थेत उभे होते.

पण आमच्या खंतीचे खरे कारण रानड्यांच्या उदाहरणाने दूर होत नाही, कारण आपल्याच ज्ञातीत, त्याच वर्षांत, दुसरे उदाहरणही घडले होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची मुलगी विधवा झाली होती. १८९१ साली त्यांनी तिचा पुनर्विवाह केला. बालविवाह पुढे ढकलण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी कठीण. भांडारकरही विद्वान, तेही संसारी, त्यांनाही आप्तेष्ट होते, त्यांच्याही वाट्याला ज्ञातीचा रोष आला. विद्वत्तेत तेलंग त्यांच्याहून कमी नव्हते, आणि लौकिक अधिकारात तर काकणभर अधिकच होते. भांडारकरांना जे साधले ते तेलंगांना साधू नये असे कोणते कारण होते? त्यांचा स्वभाव, एवढेच उत्तर आम्हांस सुचते. दुसऱ्याचे मन मोडण्याची त्यांना ताकदच नव्हती. न्यायासनावर जो गुण त्यांचे भूषण ठरला, तोच घरात उणा पडला. सर्व बाजू ऐकणाऱ्या त्या पुरुषाच्या घरात एक बाजू बोलण्याच्या वयाचीच नव्हती.

हे लिहिताना आम्हांस काही सभासदांचे चेहरे डोळ्यांपुढे दिसतात. दिवंगतांविषयी असे लिहू नये, आणि ज्ञातीच्या अंकात तर नाहीच नाही, असे ते म्हणतील. त्यांना आमचे नम्रपणे सांगणे आहे की, या मंडळाच्या सभांतून आपण हुंड्याविरुद्ध किती वेळा ठराव केले आणि ते मांडणाऱ्यांच्या घरी मागाहून कशा याद्या झाल्या, हे आपणा सर्वांस माहीत आहे. आम्हीही त्या याद्यांना बसलो आहो. आमच्या थोरल्या भाचीच्या लग्नात वरपक्षाने मागितलेली रक्कम आम्हीच मध्यस्थी करून कमी केली आणि त्याबद्दल शाबासकी मिळविली. मागणी मुळातच नाकारावी असे त्या बैठकीत कोणास सुचले नाही, आम्हांसही नाही. तेलंगांकडे बोट दाखविण्याचा आमचा अधिकार तेवढाच आहे. परंतु त्यांचे तैलचित्र सभागृहात लावून त्याखाली ठराव करावयाचे, आणि त्यांच्या आयुष्यातील हे एक पान मुलांपासून लपवावयाचे, हे आम्हांस आता पटत नाही. मागील वर्षी चरित्रकथन स्पर्धेत एका चौदा वर्षांच्या मुलीने तेलंगांवर सुरेख भाषण केले. नंतर तिने आम्हांस विचारले की, त्यांना मुली होत्या काय, आणि त्या किती शिकल्या. आम्ही विषय बदलला. हा लेख, खरे पाहता, त्या प्रश्नास उशिरा दिलेले उत्तर आहे.

लग्नानंतर तेलंगांना फार काळ लाभला नाही. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. ज्या शहरात तेलंग, मेहता आणि तय्यबजी यांनी एका व्यासपीठावरून बोलण्याची रीत घातली त्या शहराची ती अवस्था झाली, आणि दंग्याला पुरते तीन आठवडे होतात न होतात तोच १ सप्टेंबर १८९३ रोजी काशिनाथपंतांचे निधन झाले. वय त्रेचाळीस. आपल्या आयुष्यातील त्या एका निर्णयाचा पुनर्विचार करण्याइतका, किंवा धाकट्या मुलांच्या बाबतीत निराळे वागून दाखविण्याइतका अवधी नियतीने त्यांना दिला नाही. भांडारकर अठ्ठ्याऐंशी वर्षे जगले, आणि रानड्यांनाही तेलंगांनंतर सात वर्षे मिळाली. तेलंगांचा हिशेब मध्येच बंद झाला, हे त्यांच्याविषयी मत बनविताना विसरू नये.

हायकोर्टातील त्यांची रिकामी जागा त्याच वर्षी नोव्हेंबरात रानड्यांना मिळाली. तेलंगांची विचारपद्धती या विषयावर रानड्यांनी पुढे एक व्याख्यान दिले. त्यात आपल्या मित्राच्या सावधपणाचे मर्म त्यांनी अत्यंत ममतेने उलगडून दाखविले आहे. ज्याला स्वतःच्या घरी वडिलांपुढे मान तुकवावी लागली होती, त्याच्याइतके ते दुसऱ्या कोणास समजले असते असे वाटत नाही. मराठ्यांच्या बखरींतून सामाजिक व धार्मिक माहिती वेचून तेलंगांनी जो इंग्रजी निबंध लिहिला होता, तो रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथाच्या शेवटी जोडला. जुन्या काळी रूढी कशा बदलत गेल्या, याचे दाखले त्यात तेलंगांनी मोठ्या आवडीने गोळा केले आहेत.